खणातला 'क्लिक' पुन्हा खिशात

फोनला तीन-तीन लेन्स असताना छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं भूत परत कशाला? आणि ते मानगुटीवर बसलंच असेल, तर दहा हजारांच्या आत कुठला घ्यायचा? चार कॅमेऱ्यांची ही सरळसरळ जुगलबंदी. शिवाय दुकानात जाण्याआधी घरातल्या कुठल्या खणात हात घालायचा, तेही!

सध्या कुठल्याही संगीताला जा, ऑफिसच्या ऑफसाइटला जा, नाहीतर कॉलेजच्या फेस्टला. गर्दीतून एक हात वर येतो. हातात साबणाच्या वडीएवढी चंदेरी वस्तू. आणि 'फट्' करून पांढराशुभ्र फ्लॅश पडतो. दोन सेकंद सगळे आंधळे! मग सगळी गँग त्या अडीच इंची स्क्रीनवर तुटून पडते. "ए, दाखव ना, दाखव ना!" कुणाचे डोळे लाल, कुणाचे मिटलेले, कुणाच्या तोंडात अर्धा पाणीपुरीचा घास. तरी सगळे खूश.

हो, कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा परत आलाय. तोच, जो २००७ च्या आसपास घरातल्या प्रत्येक ट्रिपला आईच्या पर्समध्ये असायचा आणि मग कधीतरी चार्जरसकट गायब झाला. जपानी कॅमेरा कंपन्यांची 'सीपा' ही संघटना आहे, तिचे आकडे बघा. २०१० या एका वर्षात जगभर १० कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते. २०२३ मध्ये हा आकडा १७ लाखांच्या आसपास आला. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले! पण २०२४ मध्ये तो पुन्हा थोडा वर सरकला. बुडालेल्या धंद्यात अशी हालचाल सहसा होत नाही. आणि हे झाले फक्त नवे कॅमेरे. जुन्यांची देवाणघेवाण या हिशेबात येतच नाही.

आता तुमच्या-आमच्यासारख्याचा प्रश्न साधा आहे. ईएमआय आहे, भाडं आहे, वीकेंडचे खर्च आहेत. अशा वेळी एका छोट्या कॅमेऱ्यावर पैसे घालायचे का? घालायचे तर कशावर? चला, एकेक करून बघूया.

आधी फोनची बाजू ऐकून घेऊ

उगाच नॉस्टॅल्जियात वाहून जाऊ नका. रस्त्यावरच्या दिव्यात, कॅफेच्या मंद उजेडात, कुठलाही बरा फोन जुन्या कॉम्पॅक्टला सहज हरवतो. कारण अगदी बेसिक आहे. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये जो सेन्सर असतो, तो साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आजच्या अनेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर याहून मोठा आहे. वर फोन एका क्लिकमध्ये पाच-दहा फोटो काढून त्यांची गुपचूप मिसळ करतो आणि आपल्याला एक चकाचक फोटो देतो. जुन्या कॅमेऱ्याला हे जमत नाही. तो एकच फोटो काढतो. जसा आला तसा.

मग त्याच्याकडे आहे काय? तीन गोष्टी.

पहिली, खरा झूम. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येते, आतल्या काचा सरकतात आणि लांबचं दृश्य जवळ येतं. मध्यम किमतीच्या फोनमध्ये झूम म्हणजे बहुतेक वेळा मधला तुकडा कापून मोठा करणं.

दुसरी, खरा फ्लॅश. फोनमध्ये एलईडी असतो, म्हणजे छोटी टॉर्च. कॉम्पॅक्टमध्ये झेनॉन वायूची नळी असते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहून कमी वेळात, प्रचंड उजेड फेकते. म्हणून नाचणारी माणसं जागच्या जागी गोठतात. हळदीतला उडालेला हात, गरब्यातली गिरकी, केक चेहऱ्यावर फासतानाचा तो क्षण, हे सगळं या फ्लॅशमध्ये स्वच्छ सापडतं. तो पार्टी लूक म्हणतात ना, तो इथून येतो. त्यात जादू काही नाही, झेनॉन आहे!

तिसरी गोष्ट स्पेसिफिकेशनच्या यादीत छापत नाहीत. या कॅमेऱ्यावर बॉसचा मेसेज येत नाही. फोटो काढायला फोन बाहेर काढला की आपण आधी नोटिफिकेशन बघतो, मग रील बघतो आणि डोकं वर काढेपर्यंत सूर्य बुडालेला असतो. कॅमेरा फक्त कॅमेरा असतो. त्याला दुसरं काही येतच नाही.

'सीसीडी'चा फंडा

बाजारात गेलात की एक शब्द हमखास कानावर पडेल: सीसीडी. "मॅडम, हा सीसीडी आहे, कलर बघा!" असं म्हणत भाव चढवला जातो. तर मंडळी, थोडं शास्त्र.

सीसीडी म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या सेन्सरचा जुना प्रकार. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तो शोधला आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्यातही सीसीडीच होता. रेझोल्यूशन ०.०१ मेगापिक्सेल आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! पुढे सीमॉस हा प्रकार आला. तो भराभर वाचला जातो, बॅटरी कमी खातो, एचडी व्हिडीओ सहज देतो. म्हणून साधारण २०१० नंतर तो हळूहळू सगळीकडे पसरला.

मग सीसीडीचे कलर वेगळे असतात का? जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो वेगळे दिसतात, हे खरं. पण त्याचं सगळं श्रेय एकट्या सेन्सरला देणं चूक. सेन्सरवरची रंगीत गाळणी, लेन्स आणि कंपनीने आत बसवलेलं प्रोसेसिंग मिळून तो रंग ठरतो. त्या काळचं प्रोसेसिंग सावल्या उगाच उजळत नव्हतं, चेहरे गुळगुळीत करत नव्हतं. तुम्हाला आवडतं ते हे. त्यामुळे फक्त 'सीसीडी' शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका. काढलेला फोटो बघा आणि मगच ठरवा.

आणि हो, सीसीडीची एक खोड लक्षात ठेवा. स्क्रीनवर खूप तेजस्वी दिवा आला की वरपासून खालपर्यंत एक उभी पांढरी-जांभळी रेघ दिसते. कॅमेरा खराब नाही, तो त्या सेन्सरचा स्वभाव आहे.

चौघांची जुगलबंदी

आता मुद्द्यावर येऊ. बजेट दहा हजार. काम रोजचं: मित्र, घर, ट्रिप, रस्ता, जेवण. नव्या प्रीमियम कॉम्पॅक्टकडे इथे बघायचंच नाही. कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क थ्री, फुजीफिल्म एक्स१००सिक्स वगैरे मंडळी मस्त आहेत, पण आपल्या बजेटच्या कित्येक पट. आपण जे चार निवडलेत, ते आता मुख्यतः सेकंडहँडच मिळतात. भाव दुकानागणिक आणि आठवड्यागणिक बदलतो, म्हणून भावापेक्षा गुण सांगते.

एक: कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस (२००७)

७.१ मेगापिक्सेल, सीसीडी, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेल. दिसायला जाडगेला, हातात घेतला की मात्र बरा वाटतो. डोळा लावून बघायची खिडकी आहे, वर फिरवायची चकती आहे, शटर आणि अपर्चर स्वतः ठरवायची सोय आहे. हात हलला तर सांभाळून घेणारं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनही आहे. म्हणजे शिकायचं असेल तर हा गुरू.

त्याची लेन्स सुरुवातीला एफ/२.६ इतकी उघडते. याच यादीतल्या आयक्ससची एफ/३.६. आकडे जवळचे वाटतात, पण हिशेब वर्गाचा असतो. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर कॅनन ए५७० जवळपास दुप्पट उजेड पाडतो. शिवाय सेन्सरवर फक्त ७१ लाख पिक्सेल, त्यामुळे प्रत्येकाला ऐसपैस जागा. २० मेगापिक्सेलवाल्यांपेक्षा सुमारे अडीचपट! मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो भारी, या समजुतीला इथेच सुट्टी द्या.

वीक पॉइंट: लेन्स ३५ मिलिमीटरपासून सुरू होते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकूनही सगळे नातेवाईक मावत नाहीत. फ्लॅश मारल्यावर पुढच्या क्लिकसाठी काही सेकंद तिष्ठत बसावं लागतं. व्हिडीओ जेमतेम ६४० बाय ४८०.

दोन: सोनी सायबरशॉट डब्ल्यू८३० (२०१४)

२०.१ मेगापिक्सेल, सीसीडी, ८ पट झूम, बॅटरीसकट वजन फक्त १२२ ग्रॅम. शर्टाच्या खिशात टाका, विसरून जा. लेन्स २५ मिलिमीटरपासून २०० पर्यंत. आता २५ आणि ३५ मधला फरक किती? अडीच मीटरवर उभं राहून फोटो काढलात, तर ३५ च्या लेन्समध्ये साधारण अडीच मीटर रुंदी मावते आणि २५ च्या लेन्समध्ये जवळपास साडेतीन. म्हणजे कडेची काकू, मामा आणि त्यांचा छोटू, तिघेही आत!

ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आहे, यूएसबी केबलने कॅमेऱ्यातच चार्जिंग होतं, साधं एसडी कार्ड चालतं. बॅटरी कंपनीच्या मोजणीप्रमाणे २१० फोटोंची.

वीक पॉइंट: पूर्ण झूमला लेन्स एफ/६.३ वर येते, म्हणजे बराच अंधार. संध्याकाळनंतर तो २०० मिलिमीटरचा झूम शोभेचा. मॅन्युअल काहीच नाही. व्हिडीओ ७२०पी.

तीन: निकॉन कूलपिक्स ए१० (२०१६)

१६.१ मेगापिक्सेल, सीसीडी, ५ पट झूम, पुन्हा दोन पेन्सिल सेल. चौघांत सगळ्यात साधासुधा. बटणं कमी, मेन्यू सोपा, २६ मिलिमीटरची रुंद लेन्स. बाबांच्या हातात द्या, दहा वर्षांच्या भाचीच्या हातात द्या, टेन्शन नाही. गावाला सेल संपले तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात, आणि हा मुद्दा लहान नाही. नऊ-दहा वर्षांपूर्वीचा असल्यामुळे कमी वापरलेला नग सापडायची शक्यताही बरी.

वीक पॉइंट: स्टॅबिलायझेशन ऑप्टिकल नाही. कमी उजेडात फ्लॅश बंद केलात की फोटो हललाच म्हणून समजा.

चार: कॅनन आयक्सस २८५ एचएस (२०१६)

२०.२ मेगापिक्सेल, सीमॉस, १२ पट झूम म्हणजे २५ ते ३०० मिलिमीटर, तीन इंची स्क्रीन, फुल एचडी व्हिडीओ, वाय-फाय. चौघांत सगळ्यात मॉडर्न. फोटो केबलशिवाय फोनवर जातात आणि तिथून थेट स्टोरीला. सिंहगडावरून खालची वाडी, गॅदरिंगला स्टेजवरची भाची, सगळं आवाक्यात. फक्त उजेड हवा.

वीक पॉइंट: बॅटरी कंपनीच्याच मोजणीप्रमाणे १८० फोटोंची. पूर्ण झूमला एफ/७. आणि सगळे याच्याच मागे लागलेत! मागणी इतकी वाढली, की कॅननने २०२५ मध्ये २८५ एचएस ए या नावाने तो पुन्हा बाजारात आणला, एसडीऐवजी मायक्रोएसडी कार्ड घालून. अमेरिकेत हाच कॅमेरा पॉवरशॉट एल्फ ३६० एचएस नावाने विकला जातो. २०१६ मध्ये तिथे २१० डॉलरच्या आसपास असलेली किंमत नव्या अवतारात ३८० च्या घरात गेली. नऊ वर्षांनी तोच कॅमेरा महाग! त्यामुळे आपल्या दहा हजारांत तो सापडला तर नशीब समजा, पण आधी नीट तपासा.

मग घ्यायचा कुठला?

फोटोग्राफी शिकायची आहे आणि संध्याकाळी घरात काढायचे आहेत: ए५७० आयएस. ट्रिप, ग्रुप फोटो, खिशात मावणं महत्त्वाचं: डब्ल्यू८३०. घरातल्या सगळ्यांनी वापरायचा आहे किंवा चार्जरची कटकट नको: कूलपिक्स ए१०. लांबचं टिपायचंय, व्हिडीओ हवाय आणि फोनवर झटपट पाठवायचंय: आयक्सस.

एकच निवड म्हणाल तर माझं मत डब्ल्यू८३० ला. रोजच्या फोटोग्राफीत सगळ्यात मोठा गुण म्हणजे कॅमेरा बरोबर असणं. १२२ ग्रॅमचा कॅमेरा बरोबर असतो. जाडगेला कॅमेरा शनिवारी 'आज नको' म्हणून घरी राहतो.

यादीबाहेरचं एक नाव मात्र घेतेच. फुजीफिल्म फाइनपिक्स एफ३१एफडी, साल २००६, फक्त ६ मेगापिक्सेल. बाकीचे मेगापिक्सेलच्या शर्यतीत धावत असताना याने मोठा सेन्सर घेतला आणि अंधारात भल्याभल्यांना मागे टाकलं. अजूनही त्याचे चाहते आहेत. अडचण एकच. त्याला एक्सडी पिक्चर कार्ड लागतं, आणि ते आता शोधत फिरावं लागतं.

कार्ड बघा, मग कॅमेरा बघा

यावरून आठवलं. जुना कॅमेरा घेताना सगळ्यात मोठा घोळ कार्डाचा होतो. फुजी आणि ऑलिम्पसच्या २००२ नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी. सोनीच्या २०१० आधीच्या सायबरशॉटना मेमरी स्टिक. सोनीने २०१० पासून एसडी स्वीकारलं, म्हणून सोनी घ्यायचा तर त्यानंतरचा घ्या.

एसडीतही भानगड आहे. जुनं साधं एसडी २ जीबीपर्यंतच. ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी २००६ मध्ये आलं आणि त्याआधीचे बहुतेक कॅमेरे ते वाचत नाहीत. तुम्ही हौसेने ६४ जीबीचं कार्ड घालता, कॅमेरा 'कार्ड एरर' म्हणतो आणि बिचारा कॅमेरा बदनाम होतो. खरं तर २ जीबी पुष्कळ झालं. एक फोटो ३ एमबीचा धरला तरी साडेसहाशेच्या वर मावतात.

फोनवर फोटो घ्यायला टाइप-सी कार्ड रीडर पुरतो. कार्डात 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर असतो, फोटो त्यात. फोल्डरचं किंवा फोटोचं नाव बदलून परत कार्डावर ठेवू नका, कॅमेरा ओळखायचा नाही.

दुकानात उभं राहून करायच्या आठ गोष्टी

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध, भेंडी बाजाराच्या बाजूला चोर बाजार आहेच, पुण्यात जुना बाजार. शिवाय ऑनलाइन विकणारे ढिगाने. कुठेही घ्या, पण स्वतःचं कार्ड आणि स्वतःचे दोन सेल घेऊन जा आणि एवढं करा.

१. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स आत-बाहेर करताना अडखळली, करकरली तर नमस्कार करून निघा. 'लेन्स एरर' हा या कॅमेऱ्यांचा सगळ्यात कॉमन आजार, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो.

२. झूम पूर्ण पुढे, पूर्ण मागे. मध्ये थांबवून फोटो काढा. फोकस होतोय ना?

३. पांढऱ्या कागदाचा किंवा भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ.

४. लेन्स हाताने झाकून फोटो काढा. काळ्या फोटोत चमकणारे रंगीत ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. एखाद-दुसरा चालेल, चांदणं नको.

५. लेन्समध्ये तिरक्या उजेडात बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी.

६. फ्लॅश सलग पाच वेळा मारा.

७. सेलचं झाकण नीट बसतं का, आतल्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा गंज आहे का, बघा. तारीख लावा, बंद करून परत चालू करा. तारीख टिकली पाहिजे.

८. चार्जर आणि बॅटरी बरोबर आहे का? फुगलेली बॅटरी फुकट मिळाली तरी नको. विकणाऱ्याकडे जुनं बिल किंवा बॉक्स आहे का, हेही विचारा. चोरीचा माल स्वस्त असतो, पण स्वस्तात पडत नाही.

आणि ऑनलाइन '४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम, नवाकोरा' अशी अनोळखी ब्रँडची जाहिरात दिसली तर बोट आवरा. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आतला सेन्सर अगदीच छोटा असतो आणि फोटो फुगवून ४८ चा आकडा गाठलेला असतो. झूमही डिजिटल, म्हणजे कापाकापी. खोक्यावर 'ऑप्टिकल झूम' हे दोन शब्द नसतील तर सोडून द्या. कोडॅकचं नाव दिसलं तरी एक लक्षात ठेवा. मूळ कोडॅक कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीनंतर डिजिटल कॅमेरे बनवणं बंद केलं. आताचे 'पिक्सप्रो' कॅमेरे जेके इमेजिंग ही कंपनी कोडॅकचं नाव परवान्यावर घेऊन बनवते. वाईट आहेत असं नाही, पण आजोबांच्या कोडॅकशी त्यांचं नातं नावापुरतं. २०२५ मध्ये आलेला किचेनएवढा 'चार्मेरा' तर १.६ मेगापिक्सेलचं खेळणंच आहे. मजा म्हणून घ्या, कॅमेरा म्हणून नको.

आपली हवा आणि कॅमेरा

आपल्याकडे हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. साधारण २००२ ते २००४ मध्ये बनलेल्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सोनीने बनवलेले काही सीसीडी सदोष निघाले. उष्ण आणि दमट हवेत त्यांची आतली जोडणी सुटायची आणि स्क्रीन काळा किंवा जांभळट वेडावाकडा दिसायचा. २००५ मध्ये एकापाठोपाठ एक कंपन्यांना तसं जाहीर करून मोफत दुरुस्ती द्यावी लागली. कॅनन पॉवरशॉट ए६०, ए७०, ए७५ त्यातलेच. आता ती मोफत दुरुस्ती कुठून मिळणार? उष्ण आणि दमट म्हणजे मुंबई, कोकण, गोवा! म्हणून त्या तीन वर्षांतला कॅमेरा कितीही क्यूट दिसला तरी चालू करून, फोटो काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कॅमेरा ठेवा. काम झालं. महिनाभर वापरणार नसाल तर पेन्सिल सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि कॅमेरा घेऊन बुडतात.

सेलबद्दल आणखी एक. साधे अल्कलाइन सेल या कॅमेऱ्यांत पटकन मान टाकतात, कारण कॅमेरा एकदम खूप करंट ओढतो. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. 'एनेलूप'सारखे, नुसते पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल २००५ पासून मिळतात. चार सेल आणि चार्जर यांचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

थांबा! आधी खण उघडा

आता सगळ्यात कामाचं. हे सगळं वाचून तुम्ही दुकानात निघाला असाल तर पाच मिनिटं थांबा. आईला फोन करा आणि विचारा, "आई, तो आपला जुना कॅमेरा कुठाय गं?" तो असतो. टीव्हीखालच्या खणात, पासपोर्टच्या फाइलमागे, नाहीतर माळ्यावरच्या बॅगेत. बहुतेक घरांत दहा हजारांच्या बजेटचं उत्तर शून्य रुपयांत पडलेलं असतं. नवी बॅटरी टाका, चालू.

पण एक गोष्ट अजिबात करू नका. 'फॉरमॅट' दाबू नका.

आमच्या घरी असाच एक कॅमेरा निघाला. कार्ड लॅपटॉपला लावलं, तर आत दोनशेच्या वर फोटो. अर्धे माझ्या शाळेच्या गॅदरिंगचे, धूसर. पण मध्येच आजोबा. ओसरीवर बनियनमध्ये बसून शेंगा सोलताना, कॅमेऱ्याकडे न बघता. आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे त्यांचा एकच फोटो होता, हार घातलेला, सुटातला, स्टुडिओतला. शेंगा सोलणारे आजोबा कुणाच्या फोनमध्ये नव्हते, कुठल्या अल्बममध्ये नव्हते. जगात फक्त त्या एका कार्डावर होते. बाबांनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि मग म्हणाले, "याची प्रिंट काढ."

त्या पिढीतली कार्डं कायमची टिकतील असं कुणीही सांगू शकत नाही. वापराविना पडलेल्या मेमरीतला चार्ज हळूहळू विरतो, डब्यात दमट हवा शिरते, सीडीवर घेतलेला बॅकअप लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसल्यामुळे वाचता येत नाही. म्हणून कार्ड सापडलं की पहिलं काम म्हणजे सगळं कॉपी करा, दोन ठिकाणी. फोटो डिलिट झालेले दिसले तरी घाबरू नका. त्या कार्डावर नवीन काहीही काढू नका, फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर वापरून बघा. बऱ्याचदा फोटो परत मिळतात. हे सगळं झाल्यावर, आणि फक्त त्यानंतर, तो कॅमेरा तुमचा.

आणि हो, प्रिंट काढा

शेवटचं गणित. पोस्टकार्डाएवढी, म्हणजे ४ बाय ६ इंचाची चांगली प्रिंट काढायला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. म्हणजे २.१६ मेगापिक्सेल! वरचे चौघेही ही परीक्षा डोळे झाकून पास होतात, खणातला ३ मेगापिक्सेलवालासुद्धा होतो. त्यामुळे कॅमेरा लहान आहे, जुना आहे, मेगापिक्सेल कमी आहेत, ही कारणं चालणार नाहीत.

तर एक सोपा नियम करा. महिन्याला दहा प्रिंट. पार्टीचे दोन-चार असू देत, पण बाकीचे साध्या दिवसांचे: डबा भरणारी आई, लोकलची खिडकी, रूममेटचा रविवार सकाळचा अवतार, चहाच्या टपरीवरचा ऑफिसचा ग्रुप. यातली निम्मी माणसं पाच वर्षांनी दुसऱ्या शहरात असतील. तेव्हा त्यांचा पोज दिलेला सेल्फी कुठेही मिळेल. शेंगा सोलतानाचा फोटो मात्र कुणीतरी आज काढलेला असावा लागतो.

कॅमेरा कुठलाही घ्या. सेल टाका, तारीख नीट लावा आणि निघा.